संदर्भांचा माग : लोणारपासून ताऱ्यांपर्यंत

१८९६ साली ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकी भूवैज्ञानिकाचा एक निबंध 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. ॲरिझोनाच्या वाळवंटात सव्वा किलोमीटर रुंदीचा एक खड्डा आहे. तो आकाशातून आलेल्या अशनीने पडला की जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाने, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. उत्तर शोधताना त्याने तशाच दिसणाऱ्या इतर खड्ड्यांची उदाहरणे घेतली, आणि त्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचे नाव आले. गिल्बर्टचा कौल वाफेच्या बाजूने पडला आणि तो चुकीचा ठरला. ॲरिझोनाचा खड्डा काय किंवा लोणार काय, दोन्ही अशनीच्या आघातानेच झाले, याबद्दल आता वाद उरलेला नाही. तरीही तो निबंध विस्मरणात गेला नाही. एकमेकांच्या विरोधातली गृहीतके समोरासमोर ठेवून त्यांची परीक्षा कशी घ्यावी, याचा नमुना म्हणून अभ्यासक आजही त्याचा संदर्भ देतात.

निष्कर्ष चुकलेला आणि तरी सव्वाशे वर्षे संदर्भात राहिलेला हा निबंध मी मुद्दाम पहिल्यांदा सांगितला. एखाद्या खगोलभौतिकीच्या अभ्यासकाने केलेल्या कामाचा प्रभाव किती, हे त्याच्या लेखांना मिळालेल्या संदर्भांवरून, म्हणजे सायटेशनवरून, मोजता येते का, हा या पुस्तिकेचा विषय आहे. माझे उत्तर असे की मोजता येते, पण मोजून थांबलो तर हाती फार थोडे लागते. कोणी, कुठे आणि कशासाठी संदर्भ दिला हे वाचावे लागते. आकडा हा त्या वाचनाचा उंबरठा आहे. दुर्दैवाने आपल्याकडे बहुतेक वेळा उंबरठ्यावरच निकाल लावून माणसे परत फिरतात.

बुलढाणा जिल्ह्यात मोठी वेधशाळा नाही, खगोलभौतिकीची संशोधन संस्था नाही. मग हा विषय इथे कशाला, असे कोणी विचारील. कारण दोन आहेत. पहिले, जगाच्या ग्रहविज्ञानाच्या वाङ्मयात आपल्या जिल्ह्याचे एक ठिकाण कायमचे नोंदले गेले आहे आणि त्या नोंदींचा प्रवास पाहिला की सायटेशन म्हणजे काय हे जितके स्वच्छ कळते तितके कुठल्या पाठ्यपुस्तकातून कळत नाही. दुसरे कारण जास्त निकडीचे आहे. चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, शेगाव इथल्या महाविद्यालयांत शिकवणारे प्राध्यापक आज एच-इंडेक्स, इम्पॅक्ट फॅक्टर, स्कोपस हे शब्द रोज ऐकतात. बढतीच्या फॉर्ममध्ये ते आकडे भरावे लागतात, नॅकच्या अहवालात भरावे लागतात. दरवर्षी वर्तमानपत्रात 'जगातील पहिल्या दोन टक्के शास्त्रज्ञांत' अमुक प्राध्यापक, अशी बातमी येते, फोटो येतो, सत्कार होतो. सत्कार जरूर व्हावा. पण ती यादी कशी होते, हे त्या सभागृहात बसलेल्या विद्यार्थ्याला माहीत असायला हवे.

थोडा इतिहास. १९५५ मध्ये युजीन गारफिल्ड यांनी 'सायन्स'मध्ये एक कल्पना मांडली. अमेरिकेतल्या वकिलांकडे एक सोय फार पूर्वीपासून होती. कुठल्याही जुन्या निकालाचा पुढे कोणत्या खटल्यांत आधार घेतला गेला, तो कायम राहिला की फिरवला गेला, हे दाखवणारी सूची. तशीच सूची विज्ञानासाठी का नसावी? गारफिल्ड यांचा मूळ हेतू ध्यानात घेण्यासारखा आहे. जुन्या लेखावर पुढे कोणी टीका केली, कोणी चूक दाखवली, हे वाचकाला कळावे आणि कालबाह्य माहिती डोळे झाकून पुढे नेली जाऊ नये, असे त्यांना वाटत होते. म्हणजे ही सूची शोधण्याचे आणि पारखण्याचे साधन म्हणून जन्मली. फिलाडेल्फियातल्या त्यांच्या संस्थेने १९६० च्या दशकात 'सायन्स सायटेशन इंडेक्स' काढला आणि बघता बघता शोधण्याचे साधन गुण देण्याचे साधन बनले. नियतकालिकांना इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यांच्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात याचा आकडा, लागला. २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने माणसालाही एक आकडा दिला, तो एच-इंडेक्स.

आता लोणारकडे येऊ, कारण खरी शिकवण तिथे आहे.

सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि दीडशे मीटर खोल असे हे विवर दख्खनच्या काळ्या बसाल्टमध्ये पडलेले आहे. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. त्याआधी आईन-ए-अकबरीत आणि पुराणांत त्याचा उल्लेख आहेच. ज्वालामुखीच्या खडकात खड्डा असल्यामुळे तो ज्वालामुखीचाच, असे दीडशे वर्षे बहुतेकांनी मानले. १९६४ मध्ये लाफाँड आणि डीट्झ या दोघांनी 'मेटिओरिटिक्स' या नियतकालिकात लोणार अशनीचे विवर असावे, असा प्रश्नवजा लेख लिहिला. १९७२ मध्ये व्ही. के. नायक यांनी इथल्या काचमण्यांकडे बोट दाखवले. आणि १९७३ मध्ये 'सायन्स'मध्ये तो लेख आला ज्याच्याशिवाय लोणारवरचा कुठलाही शोधनिबंध आजही पुढे सरकत नाही. तळ्याच्या तळात बोअर घेऊन वर काढलेल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडले होते. फेल्डस्पार या खनिजावर प्रचंड आघात झाला की ते न वितळताच काचेसारखे होते, तेच मॅस्केलिनाइट. ज्वालामुखीत असा दाब निर्माण होत नाही. प्रश्न मिटला.

त्या लेखाचा काळ पाहा. अपोलोच्या यानांनी चंद्रावरून बसाल्ट नुकता आणला होता. चंद्रावरची काळी मैदाने बसाल्टची, मंगळाचे पठारही बरेचसे बसाल्टचे, आणि पृथ्वीवर बसाल्टमध्ये झालेली आघातविवरे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे चंद्र आणि मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणाऱ्याला लोणार टाळता येत नाही. म्हणून या लेखाला भूवैज्ञानिकांइतकेच ग्रहवैज्ञानिकांचेही संदर्भ आहेत. कोणत्या शाखेतून संदर्भ आला एवढे पाहिले तरी कळते की तळ्याकाठचा हा खडक कुठवर पोहोचला.

पण त्याच लेखाचा संदर्भ देताना जगभर काय लिहिले जाते? 'फ्रेडरिक्सन व इतर, १९७३.' हे इतर कोण? लेखाचे चार लेखक होते. फ्रेडरिक्सन आणि मिल्टन हे अमेरिकी संस्थांतले, आणि दुबे व बालसुंदरम हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले. निम्मे लेखक भारतीय, पण हजार वेळा संदर्भ दिला तरी हजार वेळा ते 'इतर' मध्येच राहणार. आकड्यांच्या हिशेबात चौघांनाही सारखेच श्रेय मिळते. वाचणाऱ्याच्या मनात मात्र एकच नाव उरते. सायटेशनची मोजदाद आणि सायटेशनमुळे मिळणारी ओळख या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, याचे इतके ठसठशीत उदाहरण मला दुसरे दिसलेले नाही.

लोणारच्या वयाचे प्रकरण याहून बोलके आहे. सेनगुप्ता, भांडारी आणि वातानाबे यांनी १९९७ मध्ये तापदीप्ती पद्धतीने इथल्या काचेचे वय काढले. ते आले ५२,००० वर्षे, सहा हजार इकडे-तिकडे. हा लेख छापला गेला तो ब्राझीलमधल्या एका नियतकालिकात, ज्याचे नाव आपल्याकडच्या भूविज्ञानाच्या प्राध्यापकालाही चटकन सांगता येणार नाही. इम्पॅक्ट फॅक्टरच्या तराजूत त्याला वजन नाही. तरीही पुढची अनेक वर्षे लोणारवरच्या लेखात, माहितीपत्रकात, मराठी पुस्तकात हाच आकडा फिरत राहिला. मग २०११ मध्ये जूर्दाँ आणि सहकाऱ्यांनी 'जिऑलॉजी' या नामांकित नियतकालिकात आर्गॉन पद्धतीने काढलेले वय दिले, सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. दहापटीहून अधिक. साडेसहा कोटी वर्षे जुन्या बसाल्टमधला आर्गॉन वितळलेल्या खडकात थोडा मागे राहतो, तो हिशेबातून नीट वजा केला नाही तर वय चुकते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

आज दोन्ही लेखांना संदर्भ मिळतात. कोणी दोन्ही आकडे शेजारी ठेवतो आणि फरकाची चर्चा करतो. कोणी फक्त जुना देतो, बहुधा आधीच्या लेखातून तसाच उचलून. कोणी नव्याचा आधार घेऊन जुना खोडतो. सूचीत या तिन्ही नोंदी सारख्याच, प्रत्येकी एक. विचारपूर्वक केलेला विरोध एक, आळसाने केलेली नक्कलही एक. गारफिल्ड यांना ज्या भेदासाठी सूची हवी होती तोच भेद आकड्यात पुसला जातो.

इथून ताऱ्यांकडे वळायला फार अंतर नाही. खगोलशास्त्राला एक मोठी देणगी मिळालेली आहे. हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातून चालणारी 'ॲस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम', अभ्यासकांच्या बोलीत 'एडीएस'. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नासाच्या मदतीने ती उभी राहिली. खगोलशास्त्र, ग्रहविज्ञान आणि भौतिकशास्त्रातले बहुतेक लेख तिच्यात आहेत, लोणारचेही. कोणत्या लेखाने कोणता संदर्भ दिला आणि कोणत्या लेखाला कोणाचा संदर्भ मिळाला, दोन्ही दिशांनी जाता येते. पैसे पडत नाहीत. शोध घेण्यासाठी खातेही काढावे लागत नाही. देऊळगाव राजातला बी.एस्सी.चा विद्यार्थी मोबाइलवर तेच पाहू शकतो जे केंब्रिजचा प्राध्यापक पाहतो. बाकीच्या अनेक शास्त्रांत ही सोय महागड्या वर्गणीमागे आहे.

एडीएसमध्ये अभ्यासकाचे नाव टाकले की एकूण सायटेशन, स्वतःच स्वतःला दिलेले संदर्भ, लेखकसंख्येने भागून काढलेला आकडा आणि एच-इंडेक्स असे बरेच काही समोर येते. एच-इंडेक्स कसा काढतात ते एकदा हाताने करून पाहावे. समजा कोणाचे सहा लेख आहेत आणि त्यांना अनुक्रमे ४०, १८, ९, ५, ४ आणि १ संदर्भ आहेत. चौथ्या लेखाला निदान चार संदर्भ आहेत, पाचव्याला मात्र पाच नाहीत. म्हणून एच झाला ४. आता पहिल्या लेखाचे संदर्भ ४० ऐवजी ४,००० करा. एच तरीही ४ राहतो. आयुष्यात एकच पण शास्त्राची दिशा बदलणारा लेख लिहिणाऱ्याला हा आकडा ओळखत नाही. सातत्याने मध्यम प्रतीचे काम करणाऱ्याला तो चांगला ओळखतो. तेही काम शास्त्राला लागतेच, पण दोन्हींना एकाच पट्टीने मोजले की अन्याय कोणावर होणार ते उघड आहे. स्वतः हिर्श यांनीही २०२० मध्ये या आकड्याच्या दुष्परिणामांबद्दल जाहीरपणे लिहिले.

शिवाय नावांचा गोंधळ. आपल्याकडे 'पाटील, एस.' किंवा 'देशमुख, व्ही.' टाकून पाहा. वेगवेगळ्या शाखांतली, वेगवेगळ्या गावांतली डझनावारी माणसे एकाच रांगेत उभी राहतात. प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख पटवणारा ऑर्किड क्रमांक त्यासाठीच निघाला. तो घेणे आणि प्रत्येक लेखावर टाकणे ही साधी शिस्त आपल्या तरुण संशोधकांनी पाळली पाहिजे.

मराठी वाचकाला खगोलभौतिकीचा अभ्यासक म्हटले की जयंत नारळीकरच आठवतात, आणि ते योग्यही आहे. १९६४ मध्ये फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात स्टीफन हॉकिंग यांचा लेख आला, हॉईल-नारळीकर सिद्धान्तावरचा. प्रसरण पावणाऱ्या विश्वात या सिद्धान्तातली एक बेरीज अनंत होते, असा त्यांचा आक्षेप होता. हे सायटेशन नारळीकरांच्या खात्यावर जमा आहे. एका तरुण प्रतिभावंताने दुसऱ्या तरुण प्रतिभावंताच्या सिद्धान्ताला इतक्या गांभीर्याने भिडणे हा प्रभावच आहे, यात मला शंका नाही. पण तो मान्यतेचा प्रभाव नव्हे. १९६५ मध्येच विश्वाच्या पार्श्वप्रारणाचा शोध जाहीर झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी अर्ध-स्थिर विश्वाची मांडणी केली आणि मे २०२५ मध्ये निधन होईपर्यंत ते प्रचलित मताला प्रश्न विचारत राहिले. प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्याला प्रवाहातल्यांचे संदर्भ कमी मिळणार. त्यावरून त्याची किंमत ठरवणे म्हणजे विरोधी बाकावरच्या आमदाराचे भाषण किती मते मिळाली यावरून जोखणे.

नारळीकरांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारसला गणित शिकवत. १९४२ मध्ये पी. सी. वैद्य हा गुजराती तरुण काही महिने त्यांच्याकडे काम करायला गेला. त्यातून १९४३ मध्ये प्रारण बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वक्षेत्रावर एक छोटा लेख बंगळुरूच्या 'करंट सायन्स'मध्ये आला. बराच काळ त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. १९६० च्या दशकात क्वेसार सापडले, ताऱ्यांचे कोसळणे हा धगधगता विषय झाला, आणि वैद्य यांचे समीकरण हाताशी आले. आज 'वैद्य मेट्रिक' हे नाव सापेक्षतेच्या प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक आहे. १९५० मध्ये कोणी वैद्यांचा एच-इंडेक्स काढला असता तर काय दिसले असते, याचा विचार निवड समित्यांनी करावा.

सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांची कथा याच्या उलट बाजूने जाते. १९३१ मध्ये 'ॲस्ट्रोफिजिकल जर्नल'मध्ये आलेला त्यांचा श्वेतबटूंच्या कमाल वस्तुमानावरचा लेख दोन पानांचा आहे. १९३५ मध्ये लंडनला ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी भर सभेत त्या विचाराची वाट लावली. नोबेल मिळाले १९८३ मध्ये. आता 'चंद्रशेखर मर्यादा' इतकी रुळली आहे की ती वापरणारे बहुतेक लेखक मूळ लेखाचा संदर्भच देत नाहीत. शोध सर्वांच्या बोलण्यात मुरला की त्याचे सायटेशन थांबते. म्हणजे प्रभाव अगदी कळसाला पोहोचतो तेव्हा आकडा त्याची नोंद घेणे सोडून देतो. जाता जाता, त्याच नियतकालिकाचे चंद्रशेखर १९५२ ते १९७१ संपादक होते आणि त्यांच्यानंतर ती खुर्ची सांभाळणाऱ्या हेल्मुट ॲब्ट यांनी खगोलशास्त्रातल्या सायटेशनचा कसून अभ्यास केला.

'करंट सायन्स'चा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगतो. नारायणगावजवळच्या खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिची ओळख करून देणारा गोविंद स्वरूप आणि सहकाऱ्यांचा लेख १९९१ मध्ये याच 'करंट सायन्स'मध्ये छापला गेला. त्यानंतर या दुर्बिणीचा उपयोग करणारे जगभरातले अभ्यासक त्याचा संदर्भ देत आले. दुर्बीण वापरली की तिच्या लेखाला नमस्कार करायचा, ही खगोलशास्त्रातली रीत. उपकरण बांधणाऱ्याला सायटेशनचे श्रेय मिळण्याचा हाच काय तो मार्ग. परदेशी नामांकित नियतकालिकात छापून आले तरच काम मोठे, असे मानणाऱ्यांनी वैद्यांचा आणि स्वरूपांचा असे दोन लेख जरूर पाहावेत.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी पीएच.डी. करत होते तेव्हा, १९८२ मध्ये, 'नेचर'मध्ये पहिल्या मिलिसेकंद पल्सारचा लेख आला. सेकंदाला ६४२ वेळा स्वतःभोवती फिरणारा तारा. संदर्भात तो 'बॅकर व इतर' असतो, कुलकर्णी दुसऱ्या क्रमांकावर आहेत. पुढे त्यांनी गॅमा किरणांच्या स्फोटांवर, तपकिरी बटूंवर, आकाशात क्षणभर उजळणाऱ्या गोष्टींवर काम केले आणि २०२४ चा शॉ पुरस्कार मिळवला. पण त्या विद्यार्थिदशेतल्या लेखाची वाट कुठवर गेली पाहा. असे पल्सार घड्याळासारखे अचूक असतात. त्यांच्या ठोक्यांतला सूक्ष्म फरक वर्षानुवर्षे मोजून जून २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वलहरींचे पुरावे जगातल्या वेगवेगळ्या गटांनी जाहीर केले आणि त्यात खोडदच्या दुर्बिणीची निरीक्षणे वापरणारा भारतीय गटही होता. चाळीस वर्षांचा हा माग एडीएसमध्ये संदर्भांवर बोट ठेवत मागे-मागे जात काढता येतो. सायटेशनचा खरा आनंद मला यात वाटतो.

फेब्रुवारी २०१६ मध्ये लायगो या गुरुत्वलहरी वेधशाळेने गुरुत्वलहरींच्या पहिल्या थेट शोधाचा लेख जाहीर केला. त्यावर हजाराच्या आसपास लेखक आहेत, आडनावाच्या अकारविल्हे. म्हणून तो कायम 'ॲबट व इतर'. नाव ए ने सुरू होते एवढ्याने ॲबट जगप्रसिद्ध. त्या लहरींचा संकेत गोंगाटातून वेगळा कसा काढायचा, याच्या पायाभूत पद्धतींवर पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच लिहिले होते, लहरींचा शोध जाहीर होण्याच्या पंचवीस वर्षे आधी. लायगोची भारतातली वेधशाळा आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला होते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. लोणारच्या आग्नेयेला, आपल्या शेजारच्या पट्ट्यात. उद्या त्या लेखकयादीत बुलढाण्याची मुले असतील. त्यांचा वाटा हजारांच्या यादीतून कसा ओळखायचा, हा प्रश्न तेव्हा आपल्या घरचा असेल.

आणि जे मोजलेच जात नाही ते? ज्या १८९६ मध्ये गिल्बर्टने लोणारचे नाव घेतले त्याच वर्षी शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध झाला. भारतीय खगोलाच्या इतिहासाचा अभ्यासक आजही त्याच्याकडे वळतो. इंग्रजी भाषांतर व्हायला सत्तरच्या आसपास वर्षे जावी लागली. सूचींच्या जगात मराठीतल्या संदर्भांना जागा नाही. नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचून भौतिकशास्त्राकडे वळलेली मुले कुठल्याच एच-इंडेक्समध्ये येत नाहीत. आयुका उभारून देशभरच्या महाविद्यालयीन शिक्षकांना तिथे येऊन काम करण्याची वाट त्यांनी मोकळी केली, तीही नाही.

विदर्भातल्या शेतकऱ्याला पैसेवारी माहीत आहे. निवडक शेतांत पीक कापणी करून गावाचा एक आकडा ठरतो, तो पन्नास पैशांच्या वर की खाली यावर पूर्वी दुष्काळ ठरत असे. सरकारला तो आकडा लागतो, त्याशिवाय कारभार चालत नाही. पण त्या आकड्यात कोणाचे शेत वाहून गेले हे दिसत नाही, म्हणून पंचनामा करावा लागतो. सायटेशनचेही तसेच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांसाठी एपीआय गुण आणले, आणि ठरावीक पेपर काढणे हा नोकरीचा भाग झाला. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके त्यानंतर फोफावली. ती आवरायला मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद झाली. आकडा जेव्हा उद्दिष्ट होतो तेव्हा लोक आकडा तयार करतात. शोधाला कोणी वेळ देत नाही. तरुण प्राध्यापकांना मी यासाठी दोष देणार नाही. पंचनामा करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांनी लेख उघडून वाचायचे सोडले, हे खरे दुखणे आहे.

'दोन टक्के' यादीबद्दलही याच दृष्टीने पाहावे. स्टॅनफर्डचे जॉन इयोआनिडिस आणि सहकारी स्कोपस या सायटेशन-सूचीच्या माहितीवरून सहा निर्देशांकांचे मिश्रण करून ती काढतात. पूर्ण कारकिर्दीची यादी वेगळी, एका वर्षाची वेगळी. स्वतःचे संदर्भ धरून वेगळी, वगळून वेगळी. कोणती यादी, कोणती उपशाखा, हे बातमीत आले पाहिजे. एका शाखेची दुसरीशी तुलना तर करूच नये. प्लांक उपग्रहाच्या विश्वरचनेवरच्या एका लेखाला दहा हजारांहून अधिक संदर्भ आहेत. शुद्ध गणितातल्या उत्तम लेखाला पन्नास मिळाले तरी पुष्कळ.

पुढच्या पानांत एडीएस कसे वापरायचे, लेखकाचे नाव कसे वेगळे काढायचे, संदर्भाचे वाक्य कसे वाचायचे, एवढेच सोप्या भाषेत दिले आहे. ज्यांना फॉर्म भरायचा आहे त्यांना त्याचा उपयोग होईलच. पण माझी विनंती विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना आहे. एडीएसमध्ये १९७३ चा लोणारवरचा लेख उघडा. त्याला संदर्भ देणाऱ्या लेखांपैकी तीन निवडा, एक पृथ्वीवरचा, एक चंद्रावरचा, एक मंगळावरचा, आणि प्रत्येकात ते वाक्य शोधून पाहा. मग लोणारवर मराठीत काही लिहाल, शाळेच्या भित्तिपत्रकासाठी का होईना, तेव्हा 'फ्रेडरिक्सन व इतर' असे लिहू नका. दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचीही नावे लिहा.